गुरुवारी बेरिलचा फोन येतो

रोवेना पास्को बारा वर्षांनी पुन्हा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर झाली, तेव्हा पहिल्या दिवशी तिला एक ओळखपत्र, एक खुर्ची आणि मेलेल्यांची यादी देण्यात आली.

ओळखपत्रावरचा फोटो शिंकतानाचा होता. खुर्ची डावीकडे कलायची. यादी मात्र सुबक होती. होबार्टच्या त्या सागरी प्रयोगशाळेने दक्षिण महासागरात सोडलेले आणि नंतर कधीच न बोललेले एकतीस फ्लोट तिच्यात होते. फ्लोट म्हणजे माणसाएवढं उंच पिवळं नळकांडं. समुद्रात सोडलं की ते दोन किलोमीटर खाली जातं, दहा दिवस अंधारात वाहत राहतं, मग वर येता येता प्रत्येक थराचं तापमान आणि खारटपणा मोजतं, पाण्याबाहेर डोकं काढतं, उपग्रहामार्फत फोन लावून सगळं घडाघडा सांगतं आणि परत बुडी मारतं. समोरचा ऐकतोय की नाही याची चौकशी करत नाही. या बाबतीत ते पुष्कळसं रोवेनाच्या आईसारखं होतं.

रोवेनाने प्रत्येक फ्लोटच्या मृत्यूचं कारण शोधून रकान्यात लिहायचं होतं, म्हणजे फायली बंद करता येतील. मुदत तीन महिने. तेवढ्यात ‘ही बाई अजून इंजिनियर आहे’ असं समितीला पटलं तर नोकरी पक्की. नाही पटलं तर परत शाळेच्या कॅन्टीनमध्ये. तिथे नऊ वर्षं तिने सॉसेज रोल गरम केले होते आणि एकच ओव्हन चौदा वेळा दुरुस्त केला होता. अर्जात ‘या काळातील तांत्रिक अनुभव’ या मथळ्याखाली तिने तो ओव्हनच लिहिला होता.

तिचा साहेब मिन्ह त्रान एकोणतीस वर्षांचा होता आणि वागायला इतका चांगला की अंगावर यायचं. “रो, तुझ्या वेळी हे कसं करायचे गं?” असं तो फार आदराने विचारायचा. तिच्या वेळी चाकाचा शोध नुकताच लागला असावा, अशी त्याची समजूत दिसत होती.

यादीत एकोणिसावा होता फ्लोट क्रमांक ४१७.

४१७ तिने स्वतः बांधला होता. तेव्हा पोटात जुळी होती आणि एकतिसावा आठवडा चालू होता. पोट इतकं पुढे आलेलं की टेबलापर्यंत हात पोचेना, म्हणून सगळं सोल्डरिंग तिने आडवं उभं राहून केलं होतं. एका गुरुवारी जहाजाने ४१७ समुद्रात सोडला. दहा दिवसांनी फोन आला नाही. वीस दिवसांनी नाही. साठ दिवस वाट बघून लोकांनी तो गेल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात प्रयोगशाळा धक्क्यावरच्या जुन्या गोदामातून नव्या इमारतीत गेली आणि गोदामाचा टेलिफोन बंद झाला. रोवेनाला घरी एक कार्ड आलं. वर बदकाचं चित्र, आत सगळ्यांच्या सह्या आणि खाली एक ओळ: ‘जुळ्यांबद्दल अभिनंदन! ता.क. ४१७ गेला.’

मग ती कामावर परतलीच नाही. आधी मुलं, मग आईच्या खुब्याचं ऑपरेशन, मग अशीच वर्षं. ही सगळी कारणं खरी होती. पण एक कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सोल्डरिंगचा एखादा टाका कच्चा राहिला असणार, हे तिच्या मनाने घेतलं होतं. सॉसेज रोल परतताना तिने बारा वर्षांत ४१७चा एकेक टाका मनातल्या मनात तपासला होता. दोनशे अकरा टाके होते. कच्चा कोणता, ते काही सापडत नव्हतं.

“रो, सोमवारी समिती बसतेय,” मिन्ह म्हणाला. एप्रिलमधला गुरुवार होता. “तीस रकाने झालेत, झकास झालेत. एकोणिसावा रिकामा आहे.”

“‘माहिती नाही’ लिहिलं तर?”

“लिही की.” तो जरा घुटमळला. “फक्त, समितीत एक गृहस्थ आहेत. इंजिनियरने ‘माहिती नाही’ लिहिलं की ते मोठ्याने उसासा टाकतात. तो इतिवृत्तात जातो.”

साडेतीनला ती आईला आणायला निघाली. एरवी आईला क्लबातलंच कोणीतरी घरी सोडायचं. आई, म्हणजे नोला, दर गुरुवारी टिनपॉट कोव्ह बोलिंग क्लबात खेळायची. पांढऱ्या कपड्यांतली सत्तरीपुढची मंडळी कातरलेल्या हिरवळीवरून एकेक चेंडू असा सोडायची, की जणू हृदयाची शस्त्रक्रिया चालली आहे.

पण रोवेना पोचली तेव्हा हिरवळीवर कोणी नव्हतं. सगळे आत होते, तीसेक जण, हातात बिअरचे ग्लास, आणि सगळ्यांचे डोळे बारमागच्या भिंतीवरल्या टेलिफोनवर. शेजारच्या फळ्यावर खडूने तारखा लिहिल्या होत्या, प्रत्येक तारखेपुढे एकेकाचं नाव. काउंटरवर पैजेचं बक्षीस, प्लॅस्टिक ताणून बसवलेला मटणाचा ट्रे: चॉप्स, सॉसेज आणि मधोमध शोभेला कोथिंबीर.

“आई, चल.”

“श्श. बेरिलची वेळ झालीय.”

“कोण बेरिल?”

“बेरिल हॅडॉक. आमची अध्यक्ष होती.”

“ती वारली ना? तू गेली होतीस अंत्यविधीला.”

“गेले होते तर. सँडविचं कोरडी होती.”

“मग?”

“मग काय मग? फोन करते.”

पावणेचारला टेलिफोन वाजला. बारवाल्या क्लाइव्हने टोपी काढली, रिसीव्हर उचलला आणि स्पीकरचं बटण दाबलं. आधी तीन छोटे सूर आले, वेगवेगळ्या उंचीचे. मग एक लांबलचक, खरखरीत, कान किटवणारी किंचाळी. खोलीत सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या.

“हॅलो बेरिल,” क्लाइव्ह रिसीव्हरमध्ये म्हणाला. “सगळे मजेत आहेत. हिरवळ जरा पिवळी पडलीय.” आणि त्याने फोन ठेवला.

“आवाज बसलाय का गं तिचा?” कोणीतरी विचारलं.

“थंडी सुरू झाली ना.”

क्लाइव्हने फळ्यावरच्या आजच्या तारखेला गोल केला. तिच्यापुढे नाव क्लाइव्हचं होतं.

“परत तूच?” आईने विचारलं.

“योगायोग, नोला.” त्याने मटणाचा ट्रे आपल्याकडे ओढला.

रोवेना दाराशी उभी होती. ते तीन सूर तिच्या ओळखीचे होते. गोदामात टेलिफोन एक होता आणि फ्लोट नऊ. म्हणून त्या काळचा प्रत्येक फ्लोट बोलायच्या आधी फोनची बटणं दाबल्यासारखा स्वतःचा क्रमांक वाजवायचा. तो बेत तिचाच होता. ती बारच्या आत शिरली, रिसीव्हर उचलला आणि एकामागून एक बटणं दाबली. चार. एक. सात.

स्पीकरमधून तेच तीन सूर आले.

“ए पोरी,” क्लाइव्ह हळूच म्हणाला, “बेरिलची चाल तुला कशी येते?”

“हा नंबर तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“जुना नंबर बेरिल गेली त्याच वर्षी बदलला. हा मिळाला, आणि पहिल्याच गुरुवारी तिचा फोन. आता ती गेली गुरुवारची, फोन येतो गुरुवारी, आवाज तोच. आम्ही काय समजायचं?”

“ती परत करेल?”

“वीस मिनिटांनी. मग अजून वीस मिनिटांनी. तीनदा करते. बेरिल एकदा सांगून थांबलीय होय कधी?”

रोवेनाने त्याला कोपऱ्यात ओढलं. “क्लाइव्ह, तू दर वेळी कसा जिंकतोस?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. बारा वर्षांत कोणी त्याला हे इतक्या कळकळीने विचारलं नव्हतं, आणि माणसाला गुपिताचंही ओझं होतंच. “दहा आठवडे,” तो पुटपुटला. “कधी वीस. हिवाळ्यात फार तर चाळीस. पण दहाच्या पटीतच. यांच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलेलं नाही. तुला माझी शपथ आहे.”

दहा आठवडे.

रोवेना जवळच्या स्टुलावर बसली. स्टूल सरळ होतं; कललं ते बाकीचं सगळं. त्या दिवसांत तिचं अख्खं आयुष्य आठवड्यांत मोजलं जात होतं. डॉक्टर विचारायचे कितवा आठवडा, सासू विचारायची, फळवालासुद्धा विचारायचा. आणि फ्लोटने किती वेळ खाली राहायचं, ते तासांत भरायचं होतं. दहा दिवसांचे दोनशे चाळीस. तिने दहा आठवड्यांचे भरले होते, एक हजार सहाशे ऐंशी. टाका एकही कच्चा नव्हता. ४१७ मेला नव्हता. त्याने सत्तराव्या दिवशी, सांगितल्या वेळेला, इमानाने फोन केला होता, आणि तोवर लोक त्याचं दुःख आवरून, सामान बांधून, टेलिफोन तोडून निघून गेले होते, आणि गोदामाचा नंबर या क्लबाला मिळाला होता.

आणि पलीकडून मशीनचं उत्तर आलं नाही तर सगळं जपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी परत लावायचं, हेही तिनेच त्याला शिकवलं होतं.

तिने मंडळींना सांगितलं. जमेल तितक्या थोडक्यात. शेवटी म्हणाली, “बारा वर्षांचं सगळं त्याच्या पोटात आहे. जुना मोडेम असलेला कॉम्प्युटर मिळाला तर मी आज ते काढून घेऊ शकते. आज नाही जमलं तर परत दहा आठवडे. आणि त्याची बॅटरी किती उरलीय, देव जाणे.”

“माझ्याकडे आहे कॉम्प्युटर,” युनिस म्हणाली. युनिस आताची अध्यक्ष. सामन्यांचे निकाल ती वीस वर्षांच्या एका लॅपटॉपवरून टेलिफोनच्या वायरने पाठवायची, आणि क्लबात नवी लाइन घेण्याचा ठराव तिने तीनदा हाणून पाडला होता. “पण हा क्लबचा फोन आहे. त्यावर येणारी बेरिलही क्लबची. तिला मशीन लावायचं तर ठराव हवा.”

“युनिस, वेळ नाहीये!”

“मग ठराव छोटा ठेव.”

ठराव मांडला गेला: ‘बेरिलला मशीन जोडावे.’ पाठीमागून एकाने दुरुस्ती सुचवली की ‘मशीन’ आणि ‘जोडावे’ यांच्यामध्ये ‘हळुवारपणे’ घालावे. त्यावर चर्चा झाली. चर्चा चालू असताना चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला, किंचाळला आणि थांबला, कारण ठराव मंजूर होईपर्यंत कोणालाही हात लावायची परवानगी नव्हती. रोवेनाने दोन्ही हात बगलेत दाबून धरले.

“माझा विरोध आहे,” खिडकीजवळचे एक आजोबा उठले. “मशीनने उत्तर दिलं तर बेरिल शांत होईल. शांत झाली तर फोन करणार नाही. मग गुरुवारी करायचं काय?”

खोलीतून हुंकार आले. मुद्दा वजनदार होता.

तेव्हा आई उभी राहिली. खुब्यामुळे तिला उठायला वेळ लागला आणि तेवढ्यात सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“बेरिल असो नाहीतर रोवेनाचं ते नळकांडं असो,” ती म्हणाली, “बारा वर्षं कोणीतरी आपल्याला फोन करून काहीतरी सांगतंय. आणि आपण काय करतो? ‘हॅलो बेरिल, हिरवळ पिवळी पडलीय.’ खाली ठेवला. एकदा, एकदा तरी तिचं ऐकून घ्या की रे मेल्यांनो.”

ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला. विरोधात त्या आजोबांचं एक मत पडलं. त्यांनीच मग लॅपटॉप उचलून आणून दिला.

चार वाजून चोवीस मिनिटं. रोवेनाने भिंतीतली वायर काढून लॅपटॉपच्या कुशीत खोचली, हळुवारपणे, कारण युनिस बघत होती. पडदा काळा झाला. जे शब्द टाइप करायचे ते डोक्याला आठवत नव्हते, बोटांना आठवले. तिने बोटांच्या वाटेत यायचं नाही असं ठरवलं.

फोन वाजला. चार, एक, सात. मग किंचाळी. आणि या वेळी, बारा वर्षांत पहिल्यांदा, या बाजूने कोणीतरी उलट किंचाळलं. लॅपटॉपच्या छातीतून तसाच खरखरीत आवाज निघाला. दोन्ही आवाज एकमेकांभोवती फिरले, अडखळले, एकमेकांत मिसळले आणि शांत झाले.

“भेटल्या,” क्लाइव्ह कुजबुजला.

पडद्यावर आकडे उतरू लागले. फार सावकाश, ओळीमागून ओळ. मंडळी खुर्च्या ओढून जवळ आली. पुढे बसलेले पुढे, मागचे उभे, आणि ज्यांना दिसत नव्हतं त्यांना युनिस वाचून दाखवू लागली, लग्नातल्या शुभेच्छांच्या तारा वाचतात तशी.

पहिली तारीख. त्या दिवशी जुळी पाच आठवड्यांची होती आणि रोवेना धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाला टेकून उभ्या उभ्या झोपली होती. त्याच वेळी हे दोन हजार मीटर खाली होतं. तापमान शून्याच्या किंचित वर. खारटपणा. दाब. पुढची तारीख, पुढचा आकडा. ज्या आठवड्यात ती कॅन्टीनमध्ये लागली, त्या आठवड्यात ते वर आलं होतं. आईचा खुबा मोडला, ते वर आलं होतं. ओव्हन चौथ्यांदा जळाला, ते खालून वर चढत पाण्याचा एकेक थर मोजत होतं. तिला वाटायचं, या बारा वर्षांत आपल्या हातून इंजिनियरिंगचं काही झालंच नाही. तिकडे तिचे दोनशे अकरा टाके एवढ्या काळोखात, एवढ्या दाबाखाली, एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

मग एक वेगळी ओळ आली. आकडे नव्हते, शब्द होते. युनिसने चष्मा सावरला.

“‘वर बर्फ आहे. खाली जातो. नंतर बघू.’ हे काय?”

“मी लिहिलं होतं ते,” रोवेना म्हणाली. “ गंमत म्हणून. वर येताना डोक्यावर बर्फ लागला तर त्याने हे नोंदवायचं आणि परत जायचं.”

“लागला म्हणजे? आहे कुठे ती?”

रोवेनाने आकडे वाचले. “अंटार्क्टिका. किनाऱ्याजवळ.”

क्लाइव्हची टोपी मघाशीच काढलेली होती. उरलेल्यांनी आता काढल्या.

ती ओळ परत आली. परत आली. पहिल्या हिवाळ्यात दोनदा, दुसऱ्यात तीनदा. काळोखातून दोन किलोमीटर वर चढायचं, डोकं आपटायचं, नोंद करायची, माघारी फिरायचं, दहा आठवडे थांबायचं. चौथ्या वेळेपासून युनिसबरोबर सगळी खोली म्हणू लागली, हळू आवाजात, चर्चमध्ये म्हणतात तशी. वर बर्फ आहे. खाली जातो. नंतर बघू. तीस म्हातारी माणसं, हातातली बिअर कोमट झालेली. कोणी हसलं नाही. एका आजीने शेजाऱ्याचा हात धरला. तो तिचा नवरा नव्हता, पण कोणी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

चौदा मिनिटांनी आकडे थांबले. शेवटी बॅटरी: अडतीस टक्के. आणि एक लुकलुकणारी खूण. तिचा अर्थ: तुला काही सांगायचं असेल तर सांग, एक मिनिट थांबतो.

चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरली असती. एक हजार सहाशे ऐंशीच्या जागी दोनशे चाळीस. तिची बोटं आपोआप तिथे गेली होती. तिने हिशेब केला. दर दहा दिवसांनी बोलायला लावलं तर दोन-तीन वर्षांत संपेल. असंच ठेवलं तर आणखी कितीतरी हिवाळे. आणि हा निर्णय तीन महिन्यांच्या बोलीवर आलेल्या बाईने एका क्लबातून घ्यायचा नव्हता. तिने बोटं उचलली. खूण विझली.

“गेली?” आईने विचारलं.

“गेली खाली.”

मग क्लाइव्हने मटणाचा ट्रे काउंटरवर परत ठेवला आणि घसा खाकरून म्हणाला, “मला एक कबुली द्यायची आहे.”

सोमवारी मिन्हच्या टेबलावर यादी होती. एकोणिसाव्या रकान्यात लिहिलं होतं: ‘मृत्यू झालेला नाही. दहा दिवसांऐवजी दहा आठवडे भरले गेले. चूक रो. पास्को यांची. बासष्ट फेऱ्यांची नोंद सोबत जोडली आहे. पुढील फोन जूनअखेरच्या गुरुवारी, पावणेचार.’

“हे असंच ठेवू समितीपुढे?” मिन्हने विचारलं. “सातपट चूक आहे, रो. तू आपल्या हाताने लिहून देतेयस.”

“असंच ठेव.”

त्याने नोंदी उघडल्या. पहिलं पान वाचून तो खुर्चीत मागे टेकला, दुसरं वाचून पुढे झुकला, आणि दहाव्या पानाला उठून दार लावून आला. “याच पाण्यावर माझी पीएचडी आहे,” तो म्हणाला. “माझ्याकडे चार हिवाळे होते. त्यातला एक मी अंदाजाने भरला होता.” त्याने एका रेघेवर बोट ठेवलं. “अंदाज चुकला होता माझा. बघ ना. किती सुंदर चुकलाय.” आणि मग, अगदी वेगळ्याच आवाजात, “तू सोल्डरिंग कसं केलंस गं हे?”

“आडवं उभं राहून.”

त्याने ते वहीत लिहून घेतलं. ‘तुझ्या वेळी’ असं तो त्यानंतर कधी म्हणाला नाही.

समितीतल्या गृहस्थांनी उसासा टाकला, पण इतिवृत्तात त्याची नोंद ‘दीर्घ श्वास’ अशी झाली. रोवेनाची नोकरी पक्की झाली. फ्लोट दहा आठवड्यांवरच ठेवायचं ठरलं. प्रयोगशाळेने क्लबाकडे तो टेलिफोन नंबर मागितला आणि क्लबाकडून सात पानी नकार आला, तीन परिशिष्टांसह. तेव्हा तोडगा असा निघाला की दर दहाव्या गुरुवारी प्रयोगशाळेचा एक इंजिनियर कामाच्या वेळात, उपकरणांसह, क्लबात हजर राहील, आणि हिरवळीला खड्डे पडू नयेत म्हणून पायात बूट सपाट तळव्याचेच घालील.

जूनअखेरच्या गुरुवारी रोवेना साडेतीनलाच पोचली. मिन्हही आला होता; त्याला कोणीतरी पांढरी टोपी घातली होती आणि तो ती काढायला घाबरत होता. फळ्यावर नवी नावं होती, क्लाइव्हचं सोडून. त्याला आजन्म बाद केलं होतं. बाहेर हिरवळीवर दुपारीही दहिवर होतं. मोडेम जोडून तयार होता.

पावणेचार वाजले. फोन वाजला नाही.

चार वाजून पाच मिनिटं. नाही. चार पंचवीस. मिन्हने टोपीखालून रोवेनाकडे पाहिलं. त्याच्या कपाळाला घाम होता. “बिघडला असेल?”

रोवेनाने मान हलवली. तिला ते दिसत होतं, स्वच्छ दिसत होतं: दोन किलोमीटरचा अंधार चढून आलेलं पिवळं नळकांडं, वर निळसर पांढरं छत, डोक्याला लागलेला तो हलका ठोका. आता ते नोंद करत असेल.

“वर बर्फ आहे,” ती म्हणाली.

“खाली जातो,” आई म्हणाली.

“नंतर बघू,” खोली म्हणाली.

युनिसने इतिवृत्ताची वही उघडली, तारीख घातली, उपस्थितांची नावं लिहिली, पाहुण्यांत मिन्ह त्रानचं लिहिलं. मग पुढच्या ओळीत, ‘गैरहजेरी कळवलेले सदस्य’ या मथळ्याखाली, नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: बेरिल.